नरसीचे संत नामदेव व जिवाची भूक

परमेश्वराने मनुष्याच्या अंतःकरणात एक भूक घालून ठेविली आहे आणि जगातील कोणत्याही वस्तूने ती शमत नाही, हे तत्त्व आपण सर्वजण लहानपणीच धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकतो. परंतु शिकलेली गोष्ट पटावयास पुष्कळदा अर्धे आयुष्य खर्ची पडते. ज्यांस ती पटली अशा थोर पुरुषांची चरित्रे वाचावयाची म्हटले म्हणजे ख्रिस्ती वाचकाची दृष्टी साहजिकच संत ऑगस्टीन ह्यांच्याकडे जाते, व ते योग्यच आहे. तथापि आमच्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवी अंकासाठी चरित्र निवडताना आम्ही समुद्रापलीकडे न जाता कयाधू नदीच्या काठाकाठाने चालावयाचे ठरविले. हिंगोली तालुक्यात ह्याच नदीच्या काठी नरसी हे गाव वसले आहे, आणि परंपरेप्रमाणे संत नामदेवांचे जन्मस्थान ते हेच.

कॅथलिक धर्मग्रामाच्या स्मरणिकेत वारकरी संताचे चरित्र कशास, असे कोणी विचारील तर त्यास आमचे उत्तर सरळ आहे. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा झिडकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी जाहीर केले. नामदेवांच्या व आमच्या श्रद्धेत अंतर आहे. ते आम्ही लपवीत नाही, व येथे त्याचा वादही मांडीत नाही. परंतु पापाने पोट भरत नाही आणि देवाने भरते, ही एक गोष्ट ह्या पुरुषाच्या चरित्रात, व त्यांच्याविषयी लोकांनी जतन करून ठेविलेल्या कथांत, इतकी स्पष्ट उमटली आहे की तिच्याकडे पाठ फिरविणे हे कृपणपणाचे होईल. शिवाय ही माणसे आमच्या शेजारची. त्यांच्या यात्रेच्या वाटेवर आमच्या पुष्कळ कुटुंबांची शेते आहेत.

नामदेवांचा जन्म शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७०, कार्तिक शुद्ध एकादशीस झाला असे मानितात. पित्याचे नाव दामाशेटी, मातेचे गोणाई, कूळ शिंप्यांचे. काही अभ्यासक जन्मस्थान पंढरपूर धरितात. पण नरसीचा मान लोकमानसात अढळ आहे. त्या काळी हा मुलूख देवगिरीच्या यादवांच्या सत्तेखाली होता. पुढे तो निजामाच्या राज्यात गेला, १९४८ च्या सप्टेंबरात भारतात सामील झाला, व १९९९ च्या मे महिन्यात परभणीतून निघून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्ये इतकी पालटली, परंतु नरसीस जाणारी माणसांची रीघ काही पालटली नाही.

आता जी कथा सांगावयाची ती सांगण्यापूर्वी वाचकांस एक सूचना देणे अवश्य आहे. नामदेव तरुणपणी दरोडेखोर होते अशी एक परंपरा आहे. तिचा आधार त्यांच्या नावावर असलेली काही पद्यरचना होय. पण ती रचना त्यांचीच कशावरून, अशी शंका अनेक विद्वानांनी घेतली आहे. नामा ह्या नावाने लिहिणारे कवी पुढेही झाले. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा हे त्यांपैकी प्रसिद्ध होत. शिवाय दुसऱ्या कथा ह्याच्या अगदी उलट सांगतात. बाळ नामदेवाने विठ्ठलापुढे नैवेद्य ठेविला, देव खाईना म्हणून त्याने रडून आकांत मांडिला, आणि शेवटी देवास जेवावे लागले, ही गोष्ट महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? वारकरी भाविकांपैकी बहुतेकांस दरोडेखोराची कथा रुचत नाही, व त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करितो. म्हणून ही हकीकत आम्ही सिद्ध इतिहास म्हणून नव्हे, तर ह्या मातीतील एक जुनी आठवण म्हणून सांगत आहो.

कथा अशी. शिंप्याच्या घरात जन्मलेल्या ह्या तरुणास सुई-दोऱ्याचा धंदा गोड वाटेना. तो वाटमाऱ्यांच्या टोळीस मिळाला. वाटेवरचे यात्रेकरू लुटावे, व्यापाऱ्यांच्या गोण्या उतरवाव्या, प्रसंगी माणसे मारावी, असा त्याचा क्रम चालला. एकदा ह्या टोळीने चौऱ्याऐंशी घोडेस्वार कापून काढिले. आणि आश्चर्य हे की, हाच मनुष्य औंढ्याच्या नागनाथाच्या दर्शनास नेमाने जाई! पापी माणसाचे मन असेच असते. एका हाताने तो देवास धरू पाहतो व दुसऱ्या हाताने लूट सोडीत नाही. आम्ही ह्यास हसू नये. रविवारच्या मिस्सेस नियमाने येणारा व सोमवारी खोटे वजन टाकणारा ख्रिस्ती मनुष्य ह्याहून फार निराळा आहे असे आम्हांस वाटत नाही.

एके दिवशी त्या देवळात एक दरिद्री बाई आपल्या लेकरास घेऊन बसली होती. लेकरू भुकेने रडत होते आणि ती त्यास कठोरपणे बोलत होती. नामदेवांनी तिला हटकले. आईने लेकरावर असे का रागवावे, असे विचारिले. तेव्हा ती म्हणाली की तिचा नवरा स्वारांत चाकरीस होता. चौऱ्याऐंशी स्वार दरोडेखोरांनी मारिले त्यांत तोही गेला. आता घरात दाणा नाही, आणि रडणाऱ्या पोरास द्यावयास तिच्यापाशी रागाखेरीज काही उरले नाही. आपण कोणापाशी बोलत आहो हे तिला ठाऊक नव्हते.

ह्या ठिकाणी क्षणभर थांबले पाहिजे. नामदेवांस कोणी साधूने उपदेश केला नाही, नरकाचे भय कोणी दाखविले नाही, राजाच्या शिपायांनी पकडले नाही. एक उपाशी मूल रडत होते इतकेच. ज्या लुटीने स्वतःचे पोट भरेल असे त्यांस वाटत होते, तिने त्यांची भूक तर शमविली नव्हतीच. उलट दुसऱ्याच्या घरातली भाकर मात्र नाहीशी केली होती. पापाचा हिशेब नेहमी असाच निघतो. घेणाऱ्याच्या हाती काही राहत नाही, आणि ज्याचे जाते त्याचे खरोखर जाते.

कथेचा पुढील भाग भयंकर आहे. नामदेवांनी जवळ होते ते देऊन टाकिले, देवापुढे जाऊन रडले, आणि अनुतापाच्या भरात स्वतःवरच शस्त्र चालविले. देवळातील लोकांनी त्या रक्तबंबाळ माणसास बाहेर घालविले. तेथून ते पंढरपुरास गेले व विठ्ठलाच्या चरणी राहिले. स्वतःच्या देहावर शस्त्र चालविणे आमच्या धर्माज्ञेस संमत नाही. देवाने दिलेला देह नाश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. पापाचे प्रायश्चित्त मरून होत नसते. त्यासाठी जगावे लागते. नामदेव जगले, हीच त्यांच्यावर झालेली पहिली कृपा असे आम्हांस वाटते.

येथे संत ऑगस्टीन ह्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. उत्तर आफ्रिकेतील तागास्ते गावी इसवी सन ३५४ मध्ये ते जन्मले. मुलगे असताना सोबत्यांबरोबर त्यांनी रात्री एका शेजाऱ्याच्या झाडाचे नासपती चोरिले. भूक नव्हती, घरी त्याहून चांगली फळे होती, चोरलेली बहुतेक फळे डुकरांपुढे टाकिली. पुढे बिशप झाल्यावर आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी ह्या क्षुल्लक चोरीची इतकी कसून चिकित्सा केली आहे की वाचणारा चकित होतो. इतकी मोठमोठी पापे सोडून नासपतीच कां? कारण तेथे पापाचे स्वरूप उघडे दिसते: ज्यात भूकही नव्हती व चवही नव्हती, केवळ मना केलेले करण्याची हौस होती. देहसुख, कीर्ती, वक्तृत्व, मानी पंथाचे तत्त्वज्ञान, सर्व दारे ठोठावून झाल्यावर ३८६ साली मिलान येथील बागेत त्यांचे मन वळले; ३८७ च्या पुनरुत्थान सणास संत अँब्रोज ह्यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या मागे सतरा वर्षे अश्रू ढाळणारी माता मोनिका होती. नामदेवांच्या मागे गोणाई होती. पण तिची तक्रार उलट असे, की मुलगा देवापायी संसार विसरला.

आणखी एक साम्य आहे व ते आम्हांस बोचते. ऑगस्टीन ज्या स्त्रीबरोबर अनेक वर्षे राहिले, जी त्यांच्या पुत्राची माता, तिला शेवटी आफ्रिकेस परत धाडण्यात आले. तिचे नाव त्यांनी कोठेही लिहिले नाही. औंढ्याच्या देवळातील त्या बाईचेही नाव परंपरेने राखिले नाही. पुढे तिचे काय झाले, तिच्या लेकरास कोणी वाढविले, ते कोणी सांगत नाही. पाप्यास देवापाशी शांती मिळते. परंतु त्याने ज्यांस लुटिले त्यांचे घर त्या शांतीने आपोआप उभे राहत नाही. म्हणूनच ख्रिस्तसभा पश्चात्ताप व पापनिवेदन ह्यांवर न थांबता प्रायश्चित्त व भरपाई मागते. ही गोष्ट पापनिवेदनास जाणाऱ्या आम्हां सर्वांच्या ध्यानात असावी.

पंढरपुरास आल्यावर नामदेवांचे काम झाले असे कोणास वाटेल; परंतु संतांच्या कथा ह्यापुढेच खऱ्या सुरू होतात. विठ्ठलाशी त्यांची इतकी जवळीक जमली की ते देवळातून हलेनात. देव आपल्याशी बोलतो, आपल्या हातचे खातो, ह्याचा त्यांस अभिमान वाटू लागला. मग तेरढोकी गावी गोरा कुंभार ह्यांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी एक खेळ मांडिला. मडकी पक्की की कच्ची हे पाहण्याचे जे थापटणे असते ते गोरोबांनी घ्यावे व जमलेल्यांच्या डोक्यांवर मारून पाहावे, असे ठरले. इतर संत मुकाट्याने बसले; नामदेव मात्र चिडले. गोरोबांनी निकाल दिला की हे एकच मडके कच्चे आहे. नामदेव रडत विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले, तर देवानेही तोच निकाल कायम केला व गुरू शोधावयास सांगितले.

ही थट्टेची गोष्ट म्हणून मुलांस सांगितली जाते. परंतु तिचा अर्थ मोठा आहे. दरोडेखोर लूट धरून ठेवितो, भक्त देवास धरून ठेवितो. आणि मूठ दोघांचीही मिटलेलीच असते. आपल्या भक्तीचा गर्व हे एक असे पाप आहे की ते देवळाच्या आत राहूनच करिता येते. जी तृप्ती आपल्यापुरतीच आहे ती अद्याप अर्धी कच्ची होय.

गुरू भेटले ते पुन्हा औंढ्यासच, असे सामान्यतः सांगतात. औंढ्याचे देऊळ यादवकालीन, काळ्या दगडाचे. तेथील लिंगाच्या दर्शनास अरुंद पायऱ्यांनी खाली तळघरात उतरावे लागते. तेथे विसोबा खेचर लिंगावर पाय ठेवून निजले होते. हे विसोबा पूर्वी आळंदीस ज्ञानदेवादी भावंडांचा छळ करीत व नंतर पस्तावून त्यांचेच अनुयायी झाले, असे परंपरा म्हणते. म्हणजे तेही एक फिरलेलेच मन. नामदेवांनी त्यांची निर्भर्त्सना केली. विसोबांनी शांतपणे सांगितले की आपण म्हातारे आहो, जेथे देव नाही तेथे आमचे पाय उचलून ठेवावे. नामदेवांनी पाय जेथे जेथे ठेविले तेथे तेथे लिंग उभे राहिले. ज्या देवळातून ते एकदा अपराधी म्हणून बाहेर घालविले गेले होते, त्याच देवळात त्यांस कळले की देवाबाहेर घालविले जाणे हे अशक्यच आहे. औंढ्याविषयी तिसरीही एक कथा आहे: नामदेवांस समोर कीर्तन करू दिले नाही म्हणून ते मागच्या बाजूस गेले, तर सारे देऊळच त्यांच्याकडे फिरले. नंदी तेथे मागे का, ह्याचे हे लोकांनी दिलेले उत्तर. दगडी इमारत फिरली की नाही ह्यावर आम्ही काथ्याकूट करणार नाही. माणूस फिरला होता.

ह्यानंतर ज्ञानदेवांसह त्यांनी उत्तरेची तीर्थयात्रा केली. मारवाडाच्या वाळवंटात दोघांस तहान लागली. एक विहीर सापडली, पण पाणी खोल व दोर नाही. ज्ञानदेव योगबळाने सूक्ष्म होऊन खाली उतरले व पाणी पिऊन आले. नामदेवांसही आणून देतो म्हणाले. नामदेवांनी मात्र विठ्ठलाचा धावा मांडिला, तेव्हा विहीर काठोकाठ भरून बाहेर वाहू लागली. योग्याची तहान भागली. भक्ताच्या हाकेने मात्र वाटेच्या प्रत्येक वाटसरूची भागली. शोमरोनी स्त्रीची याकोबाच्या विहिरीवर आमच्या प्रभूशी झालेली भेट ज्यांनी योहानाच्या शुभवर्तमानात वाचिली आहे त्यांस ही कथा परकी वाटणार नाही.

१२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर पहिला घाला घातला होता. पुढील वीस-बावीस वर्षांत यादवांचे राज्य पार बुडाले. नामदेवांनी आपल्या मित्राचे चरित्र आदि, तीर्थावळी व समाधी अशा तीन प्रकरणांत पद्यरूपाने लिहिले. मराठीतील अगदी आरंभीच्या चरित्रांत त्याची गणना होते. स्वतः ते आणखी चौपन्न वर्षे जगले. राज्य गेले, दुष्काळ पडले, घरी खाणारी तोंडे पुष्कळ: पत्नी राजाई, चार मुलगे, सुना, आणि गंगाखेडहून आलेली, घरकाम करिता करिता स्वतः संतपदास पोहोचलेली जनाबाई. राजाईचे दारिद्र्याविषयीचे रडगाणे कथांतून वारंवार येते, व तिचा त्यात काही दोष होता असे आम्हांस वाटत नाही.

तिचीच एक गोष्ट. परिसा भागवतांच्या पत्नीने तिची कीव येऊन लोखंडाचे सोने करणारा परीस तिला थोड्या वेळापुरता दिला. घरात सोने झाले, धान्य आले, चूल पेटली. नामदेवांस हे कळताच त्यांनी तो परीस नेऊन चंद्रभागेत टाकिला. परिसा भागवत संतापून आले. नामदेवांनी नदीत हात घालून ओंजळभर खडे काढिले. ते सारेच परीस निघाले. ज्याने एकेकाळी सोन्यासाठी माणसे मारिली असे काही लोक म्हणतात, त्यानेच सोन्याची खाण पाण्यात लोटावी, ह्या दोन कथा शेजारी ठेवून वाचाव्या. मन भरलेले असले म्हणजे सोने खड्यांसारखे दिसते. ते रिते असले म्हणजे खडेही लुटावेसे वाटतात.

आणि ती कुत्र्याची गोष्ट तर मुलेही जाणतात. कुत्र्याने पोळी पळविली. नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नये म्हणून. आम्हांस येथे औंढ्याच्या देवळातील ते उपाशी लेकरू दिसते. ज्याच्यामुळे एक मूल भाकरीस मुकले, तो आता मुक्या जनावराच्या घासासही तूप लावावयास धावत आहे. भरपाई ह्यालाच म्हणतात. ज्याचे देणे असते तो कदाचित पुन्हा भेटतही नाही, पण देणे फिटावयाचे तर कोणाच्या तरी दारी फेडावेच लागते.

चोखामेळ्यांस देवळात प्रवेश नव्हता. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून ते इतर मजुरांसह गाडले गेले. नामदेव तेथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला त्या चोख्याच्या म्हणून ओळखून पंढरपुरास आणिल्या, व महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधिली. एका अस्पृश्य मानलेल्या मजुराची हाडे वेचावयास वृद्धपणी इतकी वाट चालणारा मनुष्य आता केवळ आपल्या देवास कवटाळून बसणारा राहिला नव्हता.

पंजाबातही ते गेले. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांनी पुष्कळ काळ वास्तव्य केले असे तेथील लोक मानितात. तेथे त्यांचे स्थान आहे, व शीखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांच्या नावाची ६१ पदे समाविष्ट आहेत. २०१५ साली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथे भरले, तेव्हा महाराष्ट्रातील शेकडो मंडळी नरसीच्या शिंप्याचा माग काढीत पंजाबात गेली.

आषाढ वद्य त्रयोदशी, शके १२७२, म्हणजे इसवी सन १३५० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी नामदेवांनी पंढरपुरास देह ठेविला. देवळाच्या गाभाऱ्याजवळ जागा मिळावी अशी इच्छा त्यांनी केली नाही. दर्शनास येणाऱ्यांचे पाय लागावे म्हणून महाद्वाराची पायरी मागितली. ती पायरी आजही नामदेव पायरी ह्या नावाने ओळखिली जाते, व तिच्या समोरच थोड्या अंतरावर चोखामेळ्यांची समाधी आहे. आता ह्या पायरीस पाय लावावयास वारकऱ्यांचे मन घेत नाही. ते तिच्यापुढे वाकतात, हात लावितात, आणि तिला ओलांडून आत जातात.